खोट कोणाच्या खाती?

भांडवलशाही बरी की समाजवाद बरा, हा वाद आपल्याकडे पुस्तकांतून आणि व्यासपीठांवरून इतका दीर्घकाळ चालला आहे की, वक्ता बोलावयास उभा राहताच तो कोणत्या पक्षाचा हे श्रोत्यांनी त्याच्या पेहरावावरून ओळखलेले असते, आणि मग पुढील तासभर जे घडते ते विचार या सदरात न मोडता उपचार या सदरात मोडते. हा वाद एकदा व्यासपीठावरून खाली उतरवून उसाच्या फडात नेऊन पाहावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे. त्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या कालव्यांखाली, सायकलीवरून एका दिवसात पाहून होईल एवढ्या टापूत, एकच पीक, एकच पाणी आणि एकच काळी जमीन यांवर विसाव्या शतकात तीन निरनिराळ्या अर्थव्यवस्था नांदल्या. हरेगाव आणि टिळकनगर येथे खाजगी कंपन्या होत्या, लोणीला शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना काढला, आणि कंपन्यांच्या मळ्यांवर १९६३ पासून सरकारच्या शेती महामंडळाचा अंमल सुरू झाला. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते असे म्हणतात. येथे ती आपोआप घडली होती, फक्त तिच्या नोंदी तलाठ्याच्या दप्तरात राहिल्या.

व्याख्या विचारली तर शाळकरी मुलगाही सांगेल की, उत्पादनाची साधने खाजगी व्यक्तींच्या मालकीची असली म्हणजे ती भांडवलशाही, आणि समाजाच्या, म्हणजे व्यवहारात सरकारच्या, मालकीची झाली म्हणजे तो समाजवाद. ही व्याख्या खोटी नाही. परंतु सात-बाराच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे एवढ्यावरून त्या जमिनीतले पीक कोणाच्या पदरात पडेल हे जसे उमगत नाही, तसेच नुसत्या मालकीवरून अर्थव्यवस्थेची प्रकृती कळत नाही. मालकीच्या मागे आणखी दोन प्रश्न उभे असतात. भाव कोण ठरवितो हा एक, आणि खोट आली तर ती कोणाच्या खाती पडते हा दुसरा. नफ्याविषयी दोन्ही पंथांच्या आचार्यांनी इतके लिहून ठेवले आहे की त्यात भर घालण्याची गरज नाही. खोटीविषयी मात्र दोन्हीकडचे अनुयायी थोडे संकोचानेच बोलतात, आणि म्हणूनच तिचा माग काढणे मला अधिक उद्बोधक वाटते.

प्रवरेकाठच्या भांडवलशाहीचा आरंभ सरकारपासून होतो, हे खाजगी उद्योगाच्या अभिमान्यांना कदाचित रुचणार नाही. दख्खनच्या पठारावरील कालवे इंग्रज सरकारने काढले ते दुष्काळाच्या धास्तीने. पण पाऊसपाणी बरे झाले की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेईना, आणि पाऊस दडी मारून बसला की सगळेच एकदम मागावयास येत, त्यामुळे मोठ्या खर्चाने बांधलेल्या या कालव्यांच्या जमाखर्चाचा मेळ कधी बसेना. कालव्यांस बारमाही गिऱ्हाईक हवे होते, आणि उसाइतके तहानलेले गिऱ्हाईक दुसरे कोणते मिळणार? पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या बेलापूर कंपनीने हरेगावी कारखाना घातला आणि भोवतालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण होऊन पाण्याची शाश्वती झाली. पुढे महादेव डहाणूकरांचा कारखाना टिळकनगरला आणि नीरेच्या कालव्यावर वालचंद हिराचंदांचा वालचंदनगरला उभा राहिला. हे पुढचे कारखाने १९३२ नंतरच्या एक-दोन वर्षांत निघाले, यात योगायोग फारसा नाही. त्या साली कायद्याने परदेशी साखरेवर, म्हणजे मुख्यत्वे जावा बेटातील स्वस्त साखरेवर, संरक्षक जकात पक्की झाली, आणि हिंदुस्थानातील साखर कारखान्यांची संख्या तीसबत्तीसवरून पाचसहा वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेली.

म्हणजे धाडस भांडवलदाराचे खरे, पण पाणी सरकारचे, बाजार सरकारने राखलेला, आणि जावाची साखर अडविल्यामुळे जो जादा दाम पडला तो चहात साखर घालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने भरलेला. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात व्यापाऱ्यांच्या स्वार्थातून लोकहित कसे साधते हे सांगितले, तेव्हा हेच व्यापारी सरकारदरबारी जाऊन जकातींची आणि मक्त्यांची मागणी कशी करतात याचीही त्याने कठोर हजेरी घेतली होती. त्याचे नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण हा दुसरा भाग वाचावयाचे विसरतात.

तरीही भांडवलशाहीच्या बाजूने जे बलवत्तर प्रमाण आहे ते नाकारता येत नाही. ज्याने स्वतःचे मुद्दल गुंतविले आहे तो रात्री उठून पाट फुटला आहे का हे पाहतो. आणि ज्याचा अंदाज पुनःपुन्हा चुकतो तो धंद्यातून उठतो, त्याची यंत्रे दुसऱ्याच्या हाती जातात, आणि समाजाला त्याची चूक निदान कायमची पोसावी लागत नाही. दिवाळखोरी ही या व्यवस्थेतील झाडलोट होय. कार्ल मार्क्सचा आक्षेप नेमका येथेच येतो. त्याच्या ‘भांडवल’ या ग्रंथाचा पहिला खंड १८६७ साली निघाला, आणि त्याची मीमांसा थोडक्यात अशी की, मजुरास जे वेतन मिळते त्याहून अधिक मूल्य तो निर्माण करतो, ते वरकड मूल्य मालकाच्या घरी जाते, आणि संचयाच्या या स्पर्धेतूनच अधूनमधून अशी अरिष्टे ओढवतात की माल पडून असतो आणि माणसे उपाशी असतात. अशा वेळी खोट मालकाच्या खाती पडते हे अर्धसत्य ठरते. कारण मंदीत मालकाचे उत्पन्न घटते, मजुराचे संपते. १९२९ च्या अरिष्टानंतर १९३३ साली अमेरिकेत काम करू इच्छिणाऱ्या दर चार माणसांपैकी सुमारे एक बेकार होता, आणि त्या चौथ्या माणसाने कोणताही चुकीचा अंदाज बांधलेला नव्हता.

त्याच काळातील ब्राझीलची हकीकत मला अधिक बोलकी वाटते. जगाच्या बाजारात कॉफीचा भाव कोसळला तेव्हा मळेवाल्यांना वाचविण्यासाठी तेथील सरकारने कॉफी विकत घेऊन ती नष्ट करण्यास प्रारंभ केला, आणि १९३१ ते १९४४ या अवधीत साठ किलोंचे एक याप्रमाणे पावणेआठ कोटींहून अधिक पोती जाळली किंवा समुद्रात लोटली. समाजवादी वक्ते या आगीचे उदाहरण भांडवलशाहीच्या वेडेपणासाठी देतात, आणि ते अगदीच चुकतात असे नाही. पण जाळणारा हात सरकारचा होता, आणि तो अशासाठी पुढे आला होता की, ज्यांच्या खाती खोट पडावयाची ते लोक राज्यात वजनदार होते. बाजाराने निकाल दिला आणि राज्याने त्याची अंमलबजावणी रोखली.

आता दुसऱ्या टोकास जाऊ. रशियात १९२१ साली ‘गोसप्लान’ हे नियोजन मंडळ स्थापन झाले, १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या, आणि पोलाद किती, कापड किती, बूट किती हे मॉस्कोतील दप्तरात ठरू लागले. मागासलेला शेतीप्रधान देश एका पिढीत अवजड उद्योगांचा देश झाला, बेकारी संपल्याची घोषणा १९३० सालीच झाली, आणि जगभर मंदीने कारखाने ओस पडत असताना तेथे नवे उठत होते. नेहरूंच्या पिढीला या दृश्याने भारून टाकले त्यात नवल नाही. त्याची किंमत शेतकऱ्याने दिली. जमिनी सामूहिक शेतीत सक्तीने घातल्या गेल्या आणि धान्याची वसुली निर्दयपणे झाली, तेव्हा १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

परंतु मला येथे सांगावयाची गोष्ट त्याहून लहान आणि पावाच्या तुकड्यासंबंधीची आहे. गरिबाला अन्न परवडावे म्हणून सोव्हिएत सरकारने पावाचा भाव अत्यंत स्वस्त ठेवला होता. इतका स्वस्त की, डुकरांसाठी धान्य मिळविण्यापेक्षा दुकानातील भाजलेले पाव आणून त्यांना घालणे खेडुतास किफायतशीर पडे, आणि त्यास बंदी करणारे हुकूम काढावे लागले. ब्राझीलमध्ये भाव पडला म्हणून कॉफी आगीत गेली. रशियात भाव मुळी हलूच दिला नाही म्हणून पाव डुकरांच्या पुढ्यात गेला. मांसाची कथा याहून करुण. उत्पादनखर्चापेक्षा विक्रीचा भाव कमी असल्याने तोटा वाढत चालला, म्हणून १ जून १९६२ रोजी सरकारने मांसाचा भाव सुमारे ३० टक्क्यांनी आणि लोण्याचा २५ टक्क्यांनी वाढविला. नोव्होचेर्कास्क या गावी कामगार रस्त्यावर आले, दुसऱ्या दिवशी सैन्याने गोळीबार केला, वीसहून अधिक माणसे ठार झाली आणि ही वार्ता कित्येक वर्षे दडपून ठेवण्यात आली. त्यानंतर जवळजवळ तीन दशके मांसाचा सरकारी भाव वाढविण्याचे धैर्य कोणास झाले नाही. भाव तसाच राहिला, मांस मात्र दुकानातून नाहीसे झाले, आणि गिऱ्हाईक पैशांऐवजी रांगेत घालविलेल्या तासांनी किंमत मोजू लागले.

या विपरिणामाचे भाकीत ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिझेस याने १९२० सालीच केले होते. यंत्रांना आणि जमिनीला बाजारच नसेल तर त्यांचा खरा भाव कळणार नाही, आणि भाव कळला नाही तर पूल लोखंडाचा बांधावा की दगडाचा हे विवेकाने ठरविता येणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. पोलंडच्या ऑस्कर लांगे यांनी उत्तर दिले की, नियोजन मंडळही बाजाराप्रमाणेच भाव वरखाली करून, चुकत-सुधारत, योग्य भावापर्यंत पोहोचू शकेल. उत्तर चतुर होते, पण १९४५ साली फ्रीडरिख हायेकने दाखवून दिले की, खरी अडचण गणिताची नसून माहितीची आहे. फडाचा कोणता कोपरा चिबड झाला आहे, कोणत्या बैलाचा खूर दुखावला आहे, पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला किती वाजता पोहोचते, असले ज्ञान त्या त्या जागच्या माणसाजवळ विखुरलेले असते आणि ते कोणत्याही तक्त्यात भरून राजधानीला धाडता येत नाही. (बैल आणि पाट माझे आहेत, हायेकने कथिलाचे उदाहरण घेतले होते.) पुढे हंगेरीचे यानोश कोर्नाई यांनी समाजवादी देशाच्या आतून पाहून १९८० साली टंचाईच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि तेथील कारखाना तोट्यात गेला तरी बुडत नाही, सरकार त्याची खोट भरून काढते, म्हणून तो मागेल तेवढे पोलाद आणि माणसे मागत राहतो, हे त्यांनी स्पष्ट केले. खोट सर्वांच्या खाती टाकली की ती कोणालाच टोचत नाही.

प्रवरेकाठी हे तत्त्व पडताळून पाहण्याची वेळ कमाल जमीन धारणेच्या १९६१ च्या कायद्याने आली. कंपन्यांच्या ताब्यातील हजारो एकर जमीन मर्यादेबाहेरची ठरून सरकारजमा झाली. तिचे तुकडे पडले तर उसाचा पुरवठा खंडित होईल, या विचाराने ती भूमिहीनांस किंवा मूळ मालकांस वाटून न देता १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे सोपविण्यात आली. मोठी योजना अशी की, कारखाना कंपनीचा राहील, मळा लोकांचा होईल आणि पीक विस्कळित होणार नाही. मळे पुढे तोट्यात गेले. याचे खापर एखाद्या अधिकाऱ्यावर किंवा मजुरावर फोडणे अन्यायाचे होईल. पण पाणी वेळेवर आले नाही तरी कोणाचे मुद्दल बुडत नव्हते, आणि पीक उत्तम आले तरी कोणाच्या घरावर पत्रा चढत नव्हता, अशा शेतात ज्या प्रकारची दक्षता राहते तीच तेथे राहिली. रशियातही हेच दिसले होते. सोव्हिएत शेतकऱ्याला सामूहिक शेताबाहेर स्वतःसाठी जो परसाएवढा तुकडा ठेवू दिला होता, असे सर्व तुकडे मिळून एकंदर लागवडीच्या तीनचार टक्केही भरत नसत, तरी देशाच्या शेती उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतून येई. तोच मनुष्य सकाळी सामूहिक शेतावर रेंगाळत असे आणि संध्याकाळी परसात राबत असे.

आता लोणीकडे वळतो, कारण या टापूतील खरी नवलाई तेथे आहे. १९४५ च्या सुमारास बागाईतदारांच्या परिषदांतून शेतकऱ्यांच्या स्वतःच्या कारखान्याची कल्पना पुढे आली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी कल्पनेला आकार दिला. मुंबई सरकारात अर्थमंत्री असलेले वैकुंठभाई मेहता यांनी पाठबळ दिले. आणि १९४८ च्या अखेरीस नोंदलेल्या प्रवरा कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ साली झाला. शेतकऱ्यांच्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ हे प्राध्यापक होते, ही गोष्ट गमतीची वाटेल. पण गावकीच्या आणि भावकीच्या राजकारणात ज्याचा एकही वाफा कालव्याखाली नाही असा मनुष्य अध्यक्षस्थानी बसविण्यात शहाणपण होते.

या संस्थेचे मर्म तिच्या जमाखर्चात आहे, आणि ते थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. भागधारक तोच ऊस घालणारा. मत माणसागणिक एक; कोणाचे भाग किती हे तेथे विचारीत नाहीत. भागांवरील लाभांशास मर्यादा, आणि साखर विकून जे उरेल ते उसाच्या टनामागे वाढीव भाव म्हणून सभासदाच्या खाती जमा. म्हणजे खाजगी कारखान्यात ज्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी असतात, कच्च्या मालाचा भाव आणि मालकाचा नफा, त्या येथे एकाच पट्टीवर एकाच आकड्यात विलीन होतात. मग हा आकडा भाव समजावा की नफा? आयकर खात्याने पुढे नेमका हाच प्रश्न केला. सरकारने ठरविलेल्या किमान दरापेक्षा जे अधिक दिले ते नफ्याचे वाटप आहे, म्हणून त्यावर कर द्या, असे त्याचे म्हणणे. आणि तो उसाचा भावच आहे, म्हणून खर्चात धरा, असे कारखान्यांचे. हा वाद कित्येक वर्षे न्यायालयांतून फिरला, आणि जुन्या वर्षांच्या देण्यांस खर्च मानण्याची सवलत २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिळाली तेव्हा कुठे शमला. त्या सवलतीची रक्कम सुमारे दहा हजार कोटी रुपयांची सांगण्यात आली. स्मिथ आणि मार्क्स यांच्या कोशात नसलेली ही वस्तू होती, आणि तिला कोणत्या रकान्यात टाकावे हे आयकर अधिकाऱ्याला कळले नाही, याबद्दल मी त्याला दोष देणार नाही.

गाडगीळांच्या डोळ्यांसमोर सहकारावर उभारलेले समाजजीवन होते; मालकी विखुरलेली, निर्णय स्थानिक, आणि नियोजन वरून खाली न येता खालून वर जाणारे. त्याचा पुष्कळ अंश प्रत्यक्षात उतरला. कारखान्याभोवती शाळा, दवाखाने, रस्ते, उपसा सिंचन योजना उभ्या राहिल्या, आणि पूर्वी गुळाच्या अडत्यापुढे हात जोडणारा शेतकरी वार्षिक सभेत अहवालावर प्रश्न विचारू लागला. पण या मालकांच्या प्रजासत्ताकाच्या वेशीबाहेर कोप्या होत्या. बीडकडून, पाथर्डीकडून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन येतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. आणि ज्या कारखान्याचा ऊस ते तोडतात त्याच्या सभासदपत्रकात त्यांचे नाव नसते. मार्क्स प्रवरेकाठी आला असता तर तो लोणीच्या कचेरीत फार वेळ न थांबता या कोप्यांकडे गेला असता, असे मला वाटते, आणि तेथे त्याला आपला ग्रंथ दुरुस्त करण्याची विशेष गरज भासली नसती.

आणि खोट? ती येथेही हळूहळू घर सोडून बाहेर पडली. भागभांडवलात सरकारचा वाटा होता, कर्जास सरकारची थकहमी मिळे. म्हणून नफा सभासदाच्या पट्टीत आणि खोट राज्याच्या तिजोरीत अशी विभागणी रूढ झाली, आणि ऊस पुरेसा नसलेल्या टापूतही कारखान्यांची धुराडी उठली. अनेक कारखाने आजारी पडले, कर्जापायी विक्रीस निघाले, आणि खाजगी कंपन्यांनी विकत घेतले. आज महाराष्ट्रात गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास खाजगी आहेत. हे सहकाराचे अपयश आहे असे म्हणणाऱ्यांनी जकातीच्या भिंतीआड वाढलेल्या जुन्या कंपन्या आठवाव्यात. आणि खाजगीकरणाचा विजय मानणाऱ्यांनी तो माल किती किमतीस मिळाला याची चौकशी करावी.

कंपन्यांना खंडाने दिलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून खंडकरी शेतकरी दोन-तीन पिढ्या झगडले, आणि २०१२ पासून महामंडळाच्या मळ्यांतील जमीन त्यांच्या वारसांना परत मिळू लागली. अशा एखाद्या नातवाच्या शेतातून आज निघणारी उसाची गाडी घ्या. जमीन त्याच्या खाजगी मालकीची. पाणी पाटबंधारे खात्याचे. फड तोडणारा कोयता उचलीने बांधलेला. उसाचा किमान दर, म्हणजे ज्यास एफआरपी म्हणतात तो, केंद्र सरकारने ठरविलेला (२०२४-२५ च्या हंगामास तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता), आणि १९६६ च्या आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत देय. गाडी फाट्यावर येते. एका रस्त्याला सहकारी कारखाना आहे, जेथे आजोबांच्या नावचा भाग अजून आहे. दुसऱ्या रस्त्याला खाजगी, जो या वर्षी टनामागे काही रुपये जास्त देऊ म्हणतो, आणि ज्याच्या वजनकाट्याविषयी शेजाऱ्यांत थोडी कुजबूज आहे. नातू ट्रॅक्टरवाल्याला हाताने थांबवून खिशातला फोन काढतो.